हकीम अब्दुल्ला, डॉक्टर ओशॉनेसी आणि गांजाची राळ

नोव्हेंबर १८३८. कलकत्त्यात सकाळी आठच्या सुमारास डॉक्टर विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांच्या हातात नोकराने एक चिठ्ठी आणून दिली. हकीम अब्दुल्ला दारात गाडीत बसून होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांना पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं आणि आता रोग उलटल्याची लक्षणं दिसू लागली होती. आदल्या संध्याकाळी एका तळ्याजवळून जाताना पाणी बघून ते एकदम दचकले. तेव्हापासून पाण्याचा घोट घशाखाली उतरत नव्हता.

हकीमसाहेब शांत होते. स्वतः वैद्यकी करणारा माणूस. या रोगाचे रुग्ण त्यांनी पाहिले होते, त्यामुळे आपलं काय होणार हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. रेबीजवरची पाश्चरची लस यायला अजून ४७ वर्षं होती. कुठल्याही डॉक्टरकडे, हकिमाकडे किंवा वैद्याकडे यावर इलाज नव्हता.

ओशॉनेसींकडेही नव्हता. पण त्या महिन्यात ते एका नव्या द्रव्यावर प्रयोग करत होते. ते होतं गांजाची मऊ राळ. तिच्या दोन-दोन ग्रेनच्या मात्रा तासातासाने द्यायचं ठरलं. तिसऱ्या मात्रेनंतर हकीमसाहेबांनी नशा चढू लागल्याचं सांगितलं. थोड्या वेळाने ते स्वतःच्याच आजाराबद्दल मोकळेपणाने बोलू लागले, त्यावरच्या उपचारांची जाणकारीने चर्चा करू लागले. पाणी पिणं जमणार नाही, पण संत्रं चोखता येईल, असं त्यांनी सुचवलं. संत्रं आणलं आणि रस बिनत्रास गळ्याखाली गेला. पुढे ओला भातही त्यांनी खाल्ला.

चार-पाच दिवसांत हकीम अब्दुल्ला गेले. पण या रोगात जो भयंकर तडफडाट होतो, तो त्यांच्या वाट्याला फार कमी आला. ओशॉनेसींनी आपल्या लेखात हे दोन्ही लिहून ठेवलं. रोग बरा झाला नाही, त्रास कमी झाला. पुढचे जवळजवळ दोनशे वर्षं गांजाच्या औषधी वापरावर जो वाद चालू आहे, तो या दोन वाक्यांमधल्या फरकाचाच आहे. एक बाजू म्हणते हा सगळ्यावर रामबाण, दुसरी म्हणते हे निव्वळ व्यसन. ज्या माणसाने हे औषध हिंदुस्थानातून युरोपात नेलं, तो मात्र यातलं काहीच म्हणत नव्हता.

कॉलऱ्यापासून सुरुवात

ओशॉनेसींचा जन्म ऑक्टोबर १८०९ चा, आयर्लंडमधल्या लिमरिकचा. एडिंबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये ते एम.डी. झाले. १८३१ मध्ये इंग्लंडच्या संडरलंड बंदरात कॉलरा शिरला, तेव्हा हा २२ वर्षांचा डॉक्टर तिथे गेला. त्या काळी कॉलऱ्याच्या रुग्णाचंही रक्त काढायची पद्धत होती! ओशॉनेसींनी रक्ताचं रासायनिक पृथक्करण केलं आणि दाखवून दिलं की रुग्णाच्या रक्तातलं पाणी आणि क्षार निघून गेलेत. मग ते परत शरीरात घालायला नकोत का, असा साधा विचार त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या थॉमस लाट्टा नावाच्या डॉक्टरने रुग्णाच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडून तो प्रत्यक्षात आणला. आज गावोगावच्या दवाखान्यात जी सलाईनची बाटली लटकते, तिची मुळं इथे आहेत.

एवढं करून लंडनमध्ये काही त्यांचं बस्तान बसलं नाही. १८३३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत सहायक सर्जन म्हणून ते कलकत्त्याला आले. १८३५ मध्ये तिथे मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले.

विचारायला कमीपणा वाटला नाही

हिंदुस्थानात आलेले बहुतेक गोरे डॉक्टर इथल्या औषधांकडे तुच्छतेने बघत. ओशॉनेसींनी उलट केलं. भांग, गांजा, चरस यांच्याबद्दल आधी इथल्या जाणकारांना विचारलं. संस्कृत ग्रंथांसाठी पंडित मधुसूदन गुप्त आणि कमलाकांत विद्यालंकार यांची मदत घेतली. हे मधुसूदन गुप्त म्हणजे मेडिकल कॉलेजात १८३६ मध्ये शवविच्छेदन करून इतिहासात गेलेले. अरबी-फारसी परंपरेसाठी त्यांना दोन माणसं लाभली. एक तेहरानचे हकीम मिर्झा अब्दुल राझी. दुसरे हुगळी इमामबाड्याचे मुतवल्ली सय्यद करामत अली जौनपुरी, ज्यांनी इराण-अफगाणिस्तानचा मुलूख स्वतः पायाखाली घातला होता. या सर्वांची नावं ओशॉनेसींनी लेखात ऋण मान्य करत छापली. त्या काळाचा विचार करता ही छोटी गोष्ट नव्हती.

या मंडळींच्या मदतीने आणि युरोपात झालेल्या भाषांतरांच्या आधाराने इब्न बैतार आणि मक्रीझी यांचे उल्लेख त्यांच्या लेखात आले. मक्रीझी हे इजिप्तचे मोठे इतिहासकार. हशीशवर बंदी घालायचा प्रयत्न किती जुना आहे, हे त्यांच्याकडून कळतं. चौदाव्या शतकात कैरोच्या एका अमीराने हशीशची झाडं उपटून जाळली आणि ती खाणाऱ्यांचे दात उपटायची शिक्षा ठेवली. काही वर्षांतच हशीश पुन्हा उघडपणे खाल्ली जाऊ लागली, हेही मक्रीझीच लिहितात. नशेसाठी हशीश खाणं बहुतेक फुकहांनी हरामच ठरवलं, त्यात फारशी पळवाट नाही. पण इलाज म्हणून, गरजेपुरतं, काय चालेल यावर त्यांच्यात चर्चा होत राहिली आणि तिब्बच्या ग्रंथांत या वनस्पतीचे गुण-दोष दोन्ही नोंदवलेले राहिले.

ग्रंथ झाले, मग बाजार. नशेसाठी माजूम नावाची मिठाई कशी बनते हे बघायला ओशॉनेसी कलकत्त्याच्या एका प्रसिद्ध अड्ड्याच्या मालकाकडून शिकले. अमीर हे त्याचं नाव, आणि आपल्या धंद्यात तो शहरात सगळ्यात तरबेज समजला जाई. भांगेची पानं तूप-पाण्यात उकळून अर्क तुपात उतरवायचा, मग साखर आणि दूध घालून वड्या पाडायच्या. अमीरला रसायनशास्त्र येत नव्हतं, पण हा अर्क पाण्यात नाही, तुपात उतरतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ओशॉनेसींनी तुपाच्या जागी अल्कोहोल वापरलं, एवढाच फरक. चरस गोळा करायची रीतही त्यांनी लिहिली आहे. चामड्याचे कपडे घालून माणसं पिकातून धावत जातात, राळ कपड्यांना चिकटते आणि मग ती खरवडून काढतात.

आधी कुत्रा, मग माणूस

माणसांना द्यायच्या आधी त्यांनी जनावरांना देऊन बघितलं. एका मध्यम आकाराच्या कुत्र्याला नेपाळी चरस दहा ग्रेन दिला. अर्ध्या तासात कुत्रा पेंगू लागला, मध्येच दचकून उठून शेपूट हलवू लागला, खायला दिलं ते अधाशासारखं खाल्लं, झोकांड्या देत फिरला आणि सहा तासांत पूर्ववत झाला. गवत खाणाऱ्या जनावरांवर मात्र कितीही दिलं तरी फारसा परिणाम दिसला नाही. मेडिकल कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांनीही स्वतःहून अर्क घेऊन बघितला. एका अबोल, साध्या मुलाने थोड्या वेळात राजाचा आव आणून दरबाऱ्यांना हुकूम सोडायला सुरुवात केली, अशी गमतीदार नोंद आहे.

मग आले वेदनेचे रुग्ण. आजच्या चर्चेच्या दृष्टीने हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. नोव्हेंबर १८३८ मध्येच संधिवाताच्या तीन रुग्णांना एकेक ग्रेन राळ देण्यात आली. दुपारी चारला पहिला रुग्ण भरपूर बोलू लागला, गाणी म्हणू लागला, जास्तीचं जेवण मागू लागला आणि आपण ठणठणीत असल्याचं सांगू लागला. सहाला झोपला. आठला बघितलं तर बेशुद्धासारखा पडलेला, पण श्वास आणि नाडी ठीक. त्याचा हात सहज उचलला तर तो तसाच हवेत राहिला. पाय, मान, जसं ठेवावं तसं. शेजारचा दुसरा रुग्ण हा पुतळा बघून हसत होता. तेवढ्यात तोही मोठमोठ्याने ओरडू लागला की चार भुतं त्याचा पलंग हवेत उडवताहेत.

वॉर्डात काय धांदल उडाली असेल याची कल्पना करा. दोघेही काही तासांत शुद्धीवर आले, आणि त्यांचं दुखणंही कमी झालं. तिसऱ्यावर मात्र काहीच परिणाम नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, तो चिलमीतून गांजा ओढणारा जुना शौकीन होता.

या प्रकाराने ओशॉनेसी सावध झाले. मात्रा कमी केली. संधिवातात भूक वाढते, वेदना उतरते, मन हलकं होतं, असे परिणाम त्यांना कमी मात्रेतही दिसले. झटके येणाऱ्या एका चाळीस दिवसांच्या मुलीला अर्काचे थेंब देऊन ती वाचली. धनुर्वातात त्यांना सर्वात जास्त आशा वाटली, कारण स्नायूंचे जीवघेणे आकडे या औषधाने सैल पडत. पण तिथेही सगळं गोड नव्हतं. रमजान खान नावाच्या तिशीतल्या रुग्णाचे धनुर्वाताचे झटके उतरले, पण हाताच्या जखमेत सडण पसरली आणि तो दगावला. हेही लेखात आहे. बऱ्या झालेल्यांची यादी छापायची आणि गेलेल्यांची पानं फाडायची, हा धंदा त्यांनी केला नाही. सततच्या सेवनाने एक वेगळाच भ्रम होतो, माणूस विचित्र हसत, हात चोळत बसतो, याचंही त्यांनी स्वतंत्र वर्णन केलं आणि नवख्या डॉक्टरांना जास्त मात्रेबद्दल बजावलं.

हे सगळं त्यांनी १८३९ मध्ये बंगालच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीपुढे मांडलं.

लंडनची औषधाची दुकानं

१८४१ मध्ये ओशॉनेसी सुट्टीवर इंग्लंडला गेले, ते गांजा सोबत घेऊनच. पीटर स्क्वायर या लंडनच्या औषधविक्रेत्याने त्यापासून अर्क तयार केला आणि पुढची कित्येक दशकं हा अर्क युरोप-अमेरिकेत अर्धशिशी, मज्जातंतूंचं दुखणं, मासिक पाळीतल्या कळा, झोप न येणं यांवर दिला गेला. १८४३ मध्ये ओशॉनेसी रॉयल सोसायटीचे फेलो झाले. राणी व्हिक्टोरियाचे डॉक्टर रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये लॅन्सेटमध्ये या औषधाबद्दलचा आपला तीस वर्षांचा अनुभव लिहिला. त्यावरून राणीच गांजा घ्यायची, अशी गोष्ट आजकाल मोबाइलवर फिरते. तिला पुरावा नाही, त्यामुळे ती पुढे पाठवण्यात अर्थ नाही.

ओशॉनेसी स्वतः मात्र या विषयातून बाहेर पडले. बंगालसाठी औषधांचे दोन मोठे ग्रंथ त्यांनी तयार केले, पण मनात एक जुनं वेड होतं, विजेच्या तारेचं. १८३९ मध्येच, म्हणजे गांजावरच्या लेखाच्याच वर्षी, त्यांनी कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनजवळ तारा ओढून संदेश पाठवायचा प्रयोग केला होता. लॉर्ड डलहौसींनी ते ओळखलं. १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर तार सुरू झाली आणि १८५५ पर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास तारेने जोडले गेले. मुंबईकरांना पहिली लांबची तार या गांजावाल्या डॉक्टरमुळे मिळाली, असं म्हटलं तरी चालेल. १८५६ मध्ये ते सर झाले. पुढे मायदेशी परतल्यावर १८६१ मध्ये त्यांनी नावही बदललं आणि ब्रुक हे आडनाव लावलं. जानेवारी १८८९ मध्ये इंग्लंडच्या साउथसीमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांच्यानंतरचा वाद

चारच वर्षांनी ब्रिटिश सरकारला गांजावर बंदी घालावी का, हा प्रश्न पडला. गांजाने वेडेपणा येतो, वेड्यांची इस्पितळं त्यानेच भरलीत, असा पार्लमेंटमध्ये ओरडा होता. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं गेलं. १८९३-९४ मध्ये त्याने देशभर फिरून जवळपास बाराशे साक्षी घेतल्या. मुंबई इलाख्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गांजाची शेतीही त्याच्या नोंदीत आली. इस्पितळांचे कागद तपासले तर कळलं, रुग्णाच्या वेडाचं कारण ठाऊक नसलं की कारकून सरळ गांजा असं लिहून मोकळा व्हायचा. माफक सेवनाने मोठं नुकसान दिसत नाही, अतिसेवन मात्र घातक, म्हणून बंदी नको, परवाना आणि कर असावा, असा निष्कर्ष कमिशनने काढला. सरकारच्या महसुलाचा त्यात हिशेब नव्हता असं नाही.

औषध म्हणून गांजा मागे पडला तो वेगळ्याच कारणाने. दर पेंडीची ताकद वेगळी, त्यामुळे मात्रा ठरवता येईना. आणि अमीरला जे माहीत होतं तेच आडवं आलं. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून सुईने टोचता येत नाही. सुई आली तसा मॉर्फिन पुढे गेला, मग ॲस्पिरिन आलं. १९३२ मध्ये ब्रिटिश औषधकोशातून गांजा वगळला गेला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याला सर्वात कडक यादीत टाकलं आणि १९८५ मध्ये आपल्याकडे एनडीपीएस कायदा झाला. त्यात गांजा आणि चरस गुन्हा ठरले. शेंड्यांशिवायची नुसती पानं, म्हणजे भांग, व्याख्येबाहेर राहिली. त्याच पानांपासून परवानाधारक आयुर्वेदिक आणि युनानी औषधं कायद्याने बनतात.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला त्या सर्वात कडक यादीतून काढलं. भारताने काढण्याच्या बाजूने मत दिलं, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत औषधी गांजावर संशोधन चालू आहे.

जुनाट वेदनेचं काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी २०१७ मध्ये प्रौढांच्या जुनाट वेदनेवर गांजाचा उपयोग होतो याला भरीव पुरावा असल्याचं म्हटलं. ब्रिटनने २०१८ मध्ये तज्ज्ञ डॉक्टरांना तो लिहून द्यायची परवानगी दिली, पण पुढच्याच वर्षी तिथल्या नाइस या संस्थेने जुनाट वेदनेसाठी त्याची शिफारस करायला नकार दिला. २०२१ मध्ये वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. म्हणजे जाणकारही एकमताचे नाहीत. आपल्याकडे मात्र हा प्रश्न निघाला की लगेच पिढी बरबाद होईल की नाही यावर गाडी जाते, आणि रात्रभर कण्हणाऱ्या माणसाची आठवण कुणाला राहत नाही.

मॉर्फिनच्या बाबतीत हे एकदा होऊन गेलंय. कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांत आपण आहोत, तरी १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. कॅन्सरचे रुग्ण त्या वेदनेत गेले. ती चूक दुरुस्त करणारा बदल यायला २०१४ उजाडलं, तब्बल २९ वर्षं. माझ्या नात्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी याच काळात शेवटचे चार महिने पॅरासिटामॉलवर काढले. घरच्यांना वाटायचं, यापुढे काही नसतंच.

संधिवाताचे ते दोन रुग्ण, एक पुतळा झालेला आणि एक पलंगासकट उडणारा, वाचणाऱ्याच्या लक्षात राहतात. पण आज संशोधकांना जास्त कामाचा आहे तो तिसरा. जुनाट दुखणं म्हणजे महिनोन् महिने, वर्षानुवर्षं औषध. शरीर त्याला सरावलं की तीच मात्रा पुरते का, की वाढवत न्यावी लागते, आणि वाढवत नेली तर ओशॉनेसींनी लिहिलेला तो भ्रम कुठे सुरू होतो? तिसऱ्या खाटेवरच्या त्या चिलीमवाल्याला एक ग्रेन राळ देऊनही काहीच झालं नव्हतं.